जीभ असलेला माणूस

पुण्याच्या नातेवाइकांत मी अजूनही "कलकत्त्याला चहा प्यायचा पगार घेणारा" म्हणूनच ओळखला जातो. लग्नकार्यात पंगतीला बसलो की शेजारचा हमखास विचारतो, "म्हणजे दिवसभर नुसता चहाच प्यायचा? वा! मज्जा आहे!" मी मान डोलावतो. आम्ही दिवसात शेकड्यांनी कप तोंडाला लावायचो आणि त्यातला एक घोटही गिळायचो नाही, हे पंगतीत सांगण्यासारखं नसतं. आमच्या धंद्यात घोट घ्यायचा तो थुंकण्यासाठी.

आता मंडळाच्या अंकाचे संपादक मागे लागलेत, म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो. नोकरी कशी लागली, बढत्या कशा मिळाल्या, साहेबानं निरोपसमारंभात काय भाषण केलं, यातलं काही मी सांगणार नाही. सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती माझ्यापेक्षा चारुची जास्त आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. आसाम, दुआर्स, दार्जिलिंग इथल्या मळ्यांतला चहा खोक्यांत भरून कलकत्त्याला यायचा आणि इथे त्याचा लिलाव व्हायचा. आमची कंपनी दलालांची. लिलावाआधी प्रत्येक मालाचा नमुना चाखून त्याची प्रत ठरवायची, दोष सांगायचा आणि किमतीचा अंदाज द्यायचा, हे आमचं काम. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांना लागून लांबलचक टेबलं असत, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. टेबलावर झाकणाच्या छोट्या भांड्यांची रांग. प्रत्येकात चिमूटभर चहा तोलून घालायचा, त्यावर खळखळतं पाणी ओतायचं, वाळूचं घड्याळ रिकामं झालं की भांडं कपावर पालथं घालायचं. मग एका हातात चमचा आणि शेजारी चाकांवरची, कमरेइतकी उंच पिकदाणी ढकलत आम्ही निघायचो. भुरका, थुंक, शेरा. भुरका, थुंक, शेरा. भुरका जितका मोठा तितका चांगला, कारण चहा हवेबरोबर थेट नाकापर्यंत गेला पाहिजे. घरी ज्याबद्दल पाठीत धपाटा मिळायचा, त्याचाच इथे पगार मिळत होता.

मी बराकपूरचा. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिथे लष्कराच्या हिशेब कचेरीत होते. माझं शिक्षण सगळं इथलंच, त्यामुळे घरात मराठी, शाळेत बंगाली, नोकरीच्या अर्जात इंग्रजी आणि हमालांशी हिंदी असा चौरंगी कारभार. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पदवीधर होऊन रिकामा बसलो होतो. तेवढ्यात अण्णांच्या ओळखीच्या एकानं सांगितलं, की कलकत्त्यात डलहौसी चौकाजवळच्या एका चहाच्या कंपनीत माणसं घेताहेत. इंग्रज मंडळी एकेक करून मायदेशी निघाली होती आणि त्यांच्या जागी देशी माणूस बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. साहेबलोकांना ते फारसं पटलेलं नव्हतं. देशी माणसाची जीभ मिरची, पान आणि मसाला खाऊन जळालेली असते, तिला चहातलं काय कळणार, असं ते उघड म्हणत.

चाखणी-खोलीचा मुख्य होता हॅलमसाहेब. उंच, ओढलेला चेहरा, तोंडात न पेटवलेली चिलीम. पेटवली तर जीभ खराब होईल म्हणून तो ती नुसती चावायचा. त्याचं एक ठाम मत होतं. घोड्याला चाल असते, गवयाला गळा असतो, तशी चहावाल्याला जीभ असते. ती जन्मताच असते किंवा नसते. शिकवून येत नाही. आणि ती आहे की नाही हे ओळखायची त्याची एक परीक्षा होती. तिला आम्ही सगळे तीन कपांची परीक्षा म्हणायचो.

उमेदवाराला एकट्याला खोलीत बोलवायचं. टेबलावर तीन कप. साहेब इंग्रजीत म्हणायचा, "यातला एक निराळा आहे. कोणता ते सांग." उत्तर बरोबर आलं तर वरच्या मजल्यावर चाखणी-खोलीत उमेदवारी. नाहीतर तळमजल्यावर नमुन्यांच्या कोठारात, डबे भरण्याच्या कामावर. वरचा पगार आणि खालचा पगार यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. आणि बाहेर पडताना साहेब बजावायचा, की आपण कोणता कप दाखवला हे कुणाजवळ बोलायचं नाही, बोललास तर पुढच्याची परीक्षा नासेल.

मी पहिला कप घेतला. चहासारखा लागला. दुसरा घेतला. त्यात मला स्पष्ट काहीतरी वेगळं जाणवलं. तिसरा पुन्हा पहिल्यासारखा. मी मधल्या कपावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हा, सर. हा थोडा धुरकट आहे."

साहेबाच्या तोंडातली चिलीम हलली. माझ्याकडे क्षणभर बघून तो म्हणाला, "धुरकट. अस्सं! दामले, तुला जीभ आहे."

त्या दिवशी मी जिना उतरलो की उडत खाली आलो, ते मला आठवत नाही.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकलो होतो, तिथे माझ्यानंतर आत गेलेला उमेदवार थोड्या वेळानं येऊन बसला. माझ्याच वयाचा, चष्मा, धोतराचा काठ नीट चुणलेला. तो चारुचंद्र. फाळणीनंतर आईला घेऊन खुलन्याहून इकडे आलेला, बागबाजारात मामाच्या घरी राहणारा. मामी स्वतःचं आटपल्याशिवाय त्याच्या आईला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. व्हरांड्याच्या कोपऱ्यात एक दोरी, तिच्यावर साडी टाकून केलेला आडोसा, हेच त्यांचं घर. त्याला वरची नोकरी हवी होती ती एवढ्यासाठी, की आईला स्वतःची चूल मांडून देता यावी. हे त्यानं मला त्याच पायरीवर, पहिल्याच भेटीत सांगितलं. बंगाली माणूस मनातलं बोलायला वेळ लावत नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"तळमजला," तो म्हणाला. "पुन्हापुन्हा चाखला, दामलेदा. पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला. साहेबानं घड्याळ काढलं तरी ठरेना. तिनटेई तो एकरकम लागलो. तिन्ही एकच लागले हो मला. साहेब म्हणाला, नो टंग." चष्मा पुसत तो हसला. "आमार जीभ-इ नेई!"

मी साहेबाची आज्ञा पाळली. कोणता कप दाखवला ते बोललो नाही. पण मनातून मात्र वाटलं, अरेरे, बिचारा! एवढा धूर आणि याला कळला नाही!

माझ्या जिभेची बातमी बराकपूरला पोचली आणि आमच्या घरावर संकट कोसळलं. आईनं त्याच संध्याकाळी मिरची बंद केली. दुसऱ्या दिवशी लसूण गेली, मग कांदा, मग हिंग. "त्याच्या जिभेवर घर चाललंय," असं ती शेजारणींना सांगायची. गोडा मसाल्याचा डबा माळ्यावर गेला. अण्णांना रात्रीच्या भाकरीबरोबर ठेचा लागायचा. ते ताटाकडे बघून एकदा म्हणाले, "याला जीभ मिळाली आणि माझी गेली." पण त्यांनीही पथ्य पाळलं. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा वरणाचा पहिला घास घेऊन मिठाच्या भांड्याकडे बघायचा. असा प्रकार बंगालमधल्या दुसऱ्या कुठल्या घरात झाला असेल असं मला वाटत नाही. जीभ असल्याचा पुरावा म्हणून जिभेला उपाशी ठेवायची कल्पना आमचीच.

आणि माझ्या कामाचं म्हणाल, तर पहिलं वर्ष मी धडाधड चुकलो. आसामचा चहा दुआर्सचा म्हणून सांगितला. शिळ्याला ताजा म्हटलं. एकदा साहेबानं गंमत म्हणून मध्ये कालचाच उरलेला चहा ठेवला, तर मी त्याची किंमत सगळ्यांत वर लावली. पण मजा अशी, की माझ्या चुकीचा कुणी बाऊ करत नसे. "दामलेच्या जिभेला आज बरं नाही," असं हॅलम म्हणायचा आणि पुढच्या कपाकडे वळायचा. बाकीचे इंग्रज चाखणारेही तेच म्हणायचे. हळूहळू मीही तेच म्हणू लागलो. चुकलो की चूळ भरायची, म्हणायचं आज जिभेला बरं नाही आणि तोच कप पुन्हा घ्यायचा. कारण जीभ आहे हे तर ठरलेलंच होतं. एखाद्या दिवशी तिनं दगा दिला म्हणून ती नाहीशी थोडीच होते?

इंग्रजी शेरे मात्र मला बराच काळ कळत नव्हते. एक म्हणायचा हा चहा 'मॉल्टी' आहे, दुसरा म्हणायचा हा 'बेकी'. मी शेवटी माझ्यापुरते शब्द आईच्या स्वयंपाकघरातून उचलले. एक चहा कणीक भाजतानाच्या वासाचा, एक तव्यावर विसरलेल्या पोळीचा, एक फोडणी नसलेल्या वरणासारखा. फोडणी नसलेल्या वरणाची चव तर मला रोजच्या रोज ताजी मिळत होती. या शब्दांना धरून मी शिकलो. दोन-तीन वर्षांत चांगलाच शिकलो. लिलावात आमच्या शेऱ्यावर डोळे मिटून बोली लावणारे खरेदीदार होते. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, थोडी फुशारकी आहेच.

चारु खाली डबे भरत होता. मळ्यातून आलेला नमुना उघडायचा, छोट्या डब्यांत वाटायचा, चिठ्ठी लावून वर पाठवायचा. त्याच्या हाताखालून माझ्याइतकाच चहा जात होता, पण तो त्याला चहा नव्हे, माल होता. सियालदहला गाडीतून उतरून ट्राम पकडून मी कचेरीत पोचायचो, तेव्हा तो दारात हजर असायचा. दुपारी आम्ही एकत्र डबा खायचो. माझ्या डब्यातलं सपक वरण बघून तो दया येऊन त्याच्या आईनं केलेली मोहरीची चटणी पुढे करायचा. मी नको म्हणायचो. "जिभेला?" तो विचारायचा. "जिभेला," मी गंभीरपणे सांगायचो.

कधीकधी तो मला घरी न्यायचा. बागबाजारात पूर्वी मराठ्यांच्या भीतीनं खणलेल्या खंदकाचं टोक होतं, हे तिथलं पोर न् पोर जाणतं. त्याची आई मला पाहून पदर सावरत म्हणायची, "ओ मा, बर्गी एसेछे!" म्हणजे, मराठा लुटारू आला! आणि लुटारूला साजेशी मोठी वाटी भरून खीर द्यायची. ती खीर तिनं मामीची चूल मोकळी होण्याची वाट बघत दुपारभर बसून केलेली असायची. "चारु वर गेला की आपल्या चुलीवर तुला चहा करून देईन," ती दर वेळी म्हणायची. चारु दुसरीकडे बघायचा.

एका हिवाळ्यात दार्जिलिंगचा एक माल आला. मी भुरका मारला आणि भारावून गेलो. काय तो फळासारखा सुगंध! मी भरघोस शेरा लिहिला, हॅलमनं सही केली, माल चढ्या भावानं गेला. पंधरवड्यात खरेदीदार कचेरीत येऊन थडकला. चहाला संत्र्याच्या सालींचा वास मारत होता. डोंगरातून उतरताना गाडीच्या त्याच डब्यात संत्र्यांच्या करंड्या होत्या आणि चहा म्हणजे असा प्राणी, की शेजारी जे असेल त्याचा वास उचलतो. मी ज्याला गुण म्हटलं होतं, तो दोष होता. हॅलम तांबडालाल झाला, खरेदीदाराला भरपाई द्यावी लागली. पण शेवटी माझ्या वाट्याला काय आलं? "दामलेच्या जिभेला त्या दिवशी बरं नसणार."

दुपारी डबा खाताना चारुनं चटणी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "खोका उघडला तेव्हा मला वाटलं होतं, कमलालेबू. संत्रं."

"मग वर का नाही सांगितलंस?"

"तुमचा शेरा आला. तुम्ही लिहिलंत, फुलांचा-फळांचा उत्तम सुगंध. मी म्हटलं, ज्याला जीभ आहे तो सांगतोय. माझं नाक चुकलं असेल."

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटलो. शनिवारी कचेरी लवकर सुटायची. मी चारुला वर बोलवून उरलेले कप चाखायला लावू लागलो. सुरुवातीला तो बरोबर सांगायचा, आणि ते बरोबर आलं याचं त्याला काहीच वाटायचं नाही. "लागला असेल अंदाज." मग एक कप चुकायचा. झालं! चमचा खाली ठेवून तो चष्मा पुसायला घ्यायचा. "बघा. म्हटलं होतं ना, जीभ-इ नेई." मी सांगायचो, अरे, हाच कप मी सकाळी चुकलो. तो हसून म्हणायचा, "तुमची गोष्ट वेगळी, दामलेदा. तुमच्या जिभेला आज बरं नसेल."

तोच कप, तीच चूक. मी चुकलो तर आजचा दिवस वाईट, तो चुकला तर त्याचा जन्मच वाईट. मला हे समोर दिसत होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं. शेवटी त्यानं शनिवारी वर येणंही बंद केलं. आईला बरं नाही असं सांगायचा. आई ठणठणीत होती.

मग एका वर्षी हॅलमचीही मायदेशी जायची वेळ आली. त्याच्या जागी धाकटा भागीदार लॉसन बसणार होता, चाखणी-खोली माझ्याकडे येणार होती आणि आणखी एक माणूस वर घ्यायचा होता. शेवटच्या दिवशी दुपारी हॅलमनं मला खोलीत बोलवलं. सामान बांधून झालं होतं. आता जिभेचं काय करायचंय म्हणून त्यानं चिलीम पेटवली होती. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदाच पेटलेली पाहिली.

"एक गोष्ट तुला सांगून जातो," तो म्हणाला. "नव्या माणसाची परीक्षा आता तुला घ्यायचीय. तीन कपांत चहा एकच घालायचा."

मला वाटलं, धुरामुळे नीट ऐकू आलं नाही. "एक निराळा ना, सर?"

"निराळा कुठलाच नाही. तिन्हींत एकच. माझ्या साहेबानं माझी अशीच घेतली होती. लिलावात उभं राहणाऱ्याला ठरवता आलं पाहिजे. जो बोट ठेवतो तो वर. जो घुटमळतो तो खाली." आणि तो एकदम इतका हसला, की त्याला ठसका लागला. "पण तू! धुरकट! अरे, हसू दाबताना माझी चिलीम तुटायची राहिली. धुरकट म्हणणारा तू एकटाच निघालास!"

मीही हसलो. काय करणार? माझी जीभ, आईचं पथ्य, अण्णांचा गेलेला ठेचा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पाच-सहा वर्षं मी ज्या जिभेच्या जोरावर चुका पचवल्या, ती त्या सकाळी नव्हतीच. होती ती हिंमत, तीही अज्ञानातून आलेली. जीभ नंतर आली, त्या भुरक्यांतून आणि त्या चुकांतून.

आणि मग माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी विचारलं, "सर, आणि कुणी म्हणालं असतं, की तिन्ही एकच आहेत?"

"तसं आजवर कुणी म्हणालं नाही," हॅलम म्हणाला.

म्हणालं होतं. साहेबाला नाही, मला. जिन्याच्या खालच्या पायरीवर. मी साहेबाचा हात हातात घेऊन निरोप घेतला की नाही, मला आठवत नाही. जिना मात्र मी दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो.

चारु खोक्यावर बसून चिठ्ठ्या लावत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दामलेदा, तुम्ही फार चांगले आहात. पण माझं मन राखायला साहेबाच्या नावानं खोटं बोलू नका."

मला त्याचा राग आला. मी त्याला दंडाला धरून वर नेलं. तिथे कुणी नव्हतं. पडद्याआड जाऊन मी तीन कप भरले आणि त्याच्यासमोर ठेवले. "कदाचित एक निराळा आहे, कदाचित नाही. मी काय घातलंय ते सांगणार नाही. तू सांग."

त्यानं पहिला घेतला. दुसरा. तिसरा. परत पहिला. कपाळावर घाम आला. मी घड्याळ काढलं नाही. तो परत दुसऱ्याकडे गेला, मग चमचा हातात धरून उभा राहिला.

"पहिला आणि तिसरा एक," तो हळूच म्हणाला. "मधला निराळा. याला... याला जरा धूर आहे."

मी खरोखरच मधल्या कपात धूर लागलेला आसामचा नमुना घातला होता. मी पिकदाणीवरच बसलो असतो, सुदैवानं ती पुढे सरकली. "आणि त्या वेळी," मी म्हटलं, "त्या वेळी तिन्ही एक होते. तेही तुला कळलं होतं. कळलं नव्हतं ते मला."

चारुनं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "मग एवढी वर्षं मी खाली काय करत होतो?" त्यानं विचारलं. हॅलम वाईट माणूस नव्हता, पण त्या तीन कपांनी आणखी कितीजणांना तळमजल्यावर धाडलं असेल, आणि त्यांतल्या कुणाच्या पायरीवर माझ्यासारखा आगंतुक बसलेला नसेल, हे मनात आलं की अजून अस्वस्थ होतं.

त्या रात्री मी घरी गेलो आणि आईला सांगितलं, उद्यापासून मिरची. "आणि तुझी जीभ?" ती घाबरून म्हणाली. "ती शिकलेली आहे," मी म्हटलं, "पळून जाणार नाही." अण्णा उठले, खुर्ची घेतली आणि स्वतः माळ्यावर चढून मसाल्याचा डबा काढला.

महिन्याभरानं लॉसननं चारुची परीक्षा घेतली. ही खरी परीक्षा होती. लांब रांग, सगळ्या मळ्यांचे कप, प्रत्येकाचं गाव, गुण, दोष सांगायचा. मी शेजारी उभा होतो, पण बोलायचं नव्हतं. चारु चालत होता. भुरका, थुंक, शेरा. बरोबर, बरोबर, आणखी बरोबर. रांगेच्या मध्यावर आला आणि कछारच्या चहाला त्यानं दुआर्स म्हटलं.

"नाही," लॉसन म्हणाला.

मला पुढचं ठाऊक होतं. आता चमचा खाली जाणार, चष्मा निघणार, आणि आई पुन्हा व्हरांड्यातल्या साडीमागे. चारुनं चमचा खाली ठेवला. पाण्याचा पेला उचलला, चूळ भरली, चांगली खळखळून पिकदाणीत टाकली आणि इंग्रजीत म्हणाला, "आज जिभेला जरा बरं नाही. तो कप पुन्हा द्या, सर."

लॉसन माझ्याकडे बघून फसकन हसला. हे वाक्य त्यानं या खोलीत माझ्याबद्दल इतकी वर्षं ऐकलं होतं. चारुनं तो कप पुन्हा घेतला आणि पुन्हा चुकला. पण या वेळी त्यानं विचारलं, कुठे चुकलं, आणि लॉसननं त्याला समजावून सांगितलं, आणि पुढचे कप तो बरोबर बोलत गेला. सोमवारपासून तो वर आला.

त्यांनी बागबाजारातच दुसऱ्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच रविवारी मला बोलावणं आलं. चारुच्या आईनं कोळशाची नवी चूल मांडली होती. ती नीट पेटत नव्हती, घरभर धूर होता आणि म्हातारीचे डोळे लाल झाले होते. कशानं ते मी विचारलं नाही. तिनं आमच्या हातात कप दिले आणि समोर उभी राहिली. "तुम्ही दोघं मोठे जाणकार," ती म्हणाली. "सांगा, कसा झालाय?"

आम्ही दोघांनी एकदमच मोठा भुरका मारला. सवयीनं मी पिकदाणी शोधू लागलो, मग गिळून टाकला. चारु माझ्याकडे बघत होता.

"तुम्ही सांगा, दामलेदा. जीभ तुमची."

"थोडा धुरकट आहे," मी म्हणालो, आणि त्या दिवशी तो खरंच होता.